पासवर्ड बरोबर, तरी पुश होत नाही: ग्राफिकल गिट क्लायंटमधली वारंवार येणारी लॉगिनची अडचण

"काल संध्याकाळपर्यंत पुश होत होतं सर, आज 'ऑथेंटिकेशन फेल्ड' येऊन राहिलं. पासवर्ड तर बरोबरच टाकून राहिलो." नागपुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टचे दिवस आले की हे वाक्य रोज कानावर येतं. ('पुश' म्हणजे गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामने आपले बदल सर्व्हरवर पाठवणं.) गायत्रीनगरच्या आयटी पार्कात नवीन रुजू झालेली मुलंही हेच विचारतात. सोर्सट्री, टॉर्टॉइजगिट, गिटहब डेस्कटॉप, व्हीएस कोड, गिटक्रॅकन, फोर्क, प्रोग्राम कोणताही असो, तक्रार एकच. उपायही बहुतेक जण एकाच क्रमाने करतात: पासवर्ड पुन्हा टाकायचा, मग पासवर्ड बदलायचा, मग क्लायंट काढून पुन्हा टाकायचा. दोन दिवस बरं चालतं आणि तोच लाल डबा पुन्हा समोर येतो.

पासवर्ड चुकलेला असतो असं फार क्वचित होतं. 'पुश'चं बटण दाबल्यावर खरं काम करतं ते त्या खिडकीमागचं गिट. गिट लॉगिन मागतं एका मदतनीस प्रोग्रामकडे, म्हणजे क्रेडेन्शियल हेल्परकडे. हेल्पर ते काढतो संगणकावरच्या साठ्यातून. त्या साठ्यात जुनं काही पडलेलं असेल तर तेच आधी सर्व्हरकडे जातं आणि तुम्ही आत्ता काळजीपूर्वक टाइप केलेल्या पासवर्डला कोणी विचारतही नाही. म्हणून बघायचं ते हे: कोणतं गिट, कोणत्या मार्गाने, कोणाच्या नावाने, काय पाठवत आहे? ग्राफिकल क्लायंट नेमकं हेच झाकून ठेवतात. एरवी ती सोय असते, अडचणीच्या वेळी तीच आडवी येते.

खाली कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरा.

आधी पूर्ण संदेश वाचा

छोट्या डब्यात दिसतं ते अर्धवट असतं. सोर्सट्रीमध्ये प्रगतीच्या खिडकीत पूर्ण आउटपुट दाखवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. व्हीएस कोडमध्ये 'आउटपुट' पॅनेल उघडून यादीतून 'गिट' निवडा. गिटहब डेस्कटॉपमध्ये 'हेल्प' मेनूतून लॉगची फाइल उघडता येते. टॉर्टॉइजगिट बहुधा सगळंच दाखवतं, फक्त आपण वर स्क्रोल करून बघत नाही.

'सपोर्ट फॉर पासवर्ड ऑथेंटिकेशन वॉज रिमूव्हड' असं दिसलं तर तिथे खात्याचा पासवर्ड चालणारच नाही. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामांसाठी पासवर्ड घेणं बंद केलं आहे. वेबसाइटवर तो चालतो, पुशला चालत नाही, म्हणूनच मुलांना वाटतं की पासवर्ड तर बरोबर आहे.

'परमिशन टू अमुक डिनाइड टू तमुक' आणि सोबत ४०३ (म्हणजे 'अधिकार नाही' असं सांगणारा सर्व्हरचा आकडा) असेल तर हा संदेश नीट वाचा, कारण उत्तर त्यातच आहे. सर्व्हरने तुम्हाला ओळखलं आहे, पण 'तमुक' म्हणून. ते नाव तुमचं आहे का बघा. कॉलेजच्या लॅबमध्ये ते बहुतेक वेळा मागच्या बॅचच्या कोणाचं तरी असतं.

'रिपॉझिटरी (प्रोजेक्टची गिटमधली जागा) नॉट फाउंड' आलं की लोक पत्ता तपासत बसतात. पत्ता तपासाच, पण खाजगी रिपॉझिटरीवर तुमचा अधिकार नसेल तर गिटहब मुद्दाम हेच सांगतं, म्हणजे ती अस्तित्वात आहे हेसुद्धा बाहेरच्याला कळू नये. त्यामुळे हाही पुष्कळदा चुकीच्या खात्याचाच प्रकार असतो.

'टर्मिनल प्रॉम्प्ट्स डिसेबल्ड' याचा अर्थ असा की गिटला नाव-पासवर्ड विचारायचा होता, पण खिडकीमागे टर्मिनलच नाही आणि मदतीला हेल्परही नाही.

'परमिशन डिनाइड' आणि पुढे 'पब्लिककी' असेल तर प्रश्न एसएसएचचा, म्हणजे पासवर्डऐवजी 'की'च्या फाइलने ओळख पटवणाऱ्या जोडणीचा आहे. खालचा टोकनचा, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायच्या सांकेतिक अक्षरमालेचा, सगळा मजकूर मग सोडून द्या.

वाट कोणती ते बघा

टर्मिनल उघडून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'गिट रिमोट -व्ही' द्या. पत्ता 'एचटीटीपीएस'ने सुरू होत असेल तर टोकन किंवा ब्राउझर लॉगिन लागतं. 'गिट अ‍ॅट गिटहब डॉट कॉम' अशा रूपात असेल तर एसएसएच की लागते. एवढी साधी गोष्ट, पण वेळ सर्वांत जास्त इथेच वाया जातो. पत्ता एसएसएचचा असतो आणि मुलं एकामागून एक नवी टोकनं बनवत राहतात. एसएसएच त्या टोकनांकडे बघतही नाही.

दुसरा गोंधळ 'युजर डॉट नेम' आणि 'युजर डॉट ईमेल' यांचा. हे दोन्ही कमिटवर, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या बदलावर, छापायचं नाव ठरवतात, लॉगिनशी त्यांचा काडीचा संबंध नाही. ते बदलून ४०३ जात नाही.

एचटीटीपीएस: साठवलेलं जुनं लॉगिन

इथे जरा थांबू या, कारण 'वारंवार' या शब्दाचं खरं कारण इथे आहे.

सर्व्हरने ४०१ दिलं, म्हणजे 'तुम्ही कोण ते पटलं नाही', तर गिट हेल्परला ते लॉगिन टाकून द्यायला सांगतं आणि पुढच्या वेळी नव्याने विचारतं. पण सर्व्हरने ४०३ किंवा ४०४ दिलं तर गिटच्या दृष्टीने लॉगिन खरंच आहे, अधिकार तेवढा नाही. म्हणून ते लॉगिन साठ्यात तसंच राहतं. तुम्ही कितीही वेळा पुश करा, क्लायंट बंद करून उघडा, चुकीच्या खात्याचं तेच लॉगिन पुन्हा जाणार आणि पासवर्डची चौकट कधी येणारच नाही. "विचारतच नाही ना बे!" ही मुलांची कुरकुर अगदी खरी आहे. गिटला विचारायचं कारणच दिसत नाही.

विंडोजवर उपाय असा: स्टार्ट मेनूत 'क्रेडेन्शियल मॅनेजर' शोधा, 'विंडोज क्रेडेन्शियल्स' उघडा, खाली 'जेनेरिक क्रेडेन्शियल्स'मध्ये 'गिट'ने सुरू होणाऱ्या आणि गिटहब, गिटलॅब किंवा बिटबकेटचं नाव असलेल्या नोंदी बघा. त्या सगळ्या काढा. एकच काढून थांबू नका, कधी कधी नावासह एक आणि नावाशिवाय एक अशा दोन असतात. मॅकवर 'कीचेन अ‍ॅक्सेस'मध्ये गिटहब शोधून नोंद काढायची. लिनक्सवर कोणता हेल्पर लावला आहे त्यावर ठरतं. 'कॅश' असेल तर तो लॉगिन फक्त १५ मिनिटं लक्षात ठेवतो, त्यामुळे 'दर थोड्या वेळाने विचारतं' ही तक्रार तिथे बिघाड नव्हे, ठरवलेलं वागणं आहे. 'स्टोअर' असेल तर लॉगिन होम फोल्डरमधल्या साध्या मजकूर फाइलमध्ये उघडं पडलेलं असतं. सामायिक संगणकावर तो कधीच वापरू नका. 'लिबसीक्रेट' बरा.

नोंद काढूनही जुनं खातं परत आलं तर तीन जागा तपासा.

एक, क्लायंटचा स्वतःचा साठा. सोर्सट्री आणि गिटक्रॅकन खाती आपल्याकडेही ठेवतात, गिटहब डेस्कटॉप स्वतःचं लॉगिन वापरतं. तिथल्या 'अकाउंट्स'मध्ये जाऊन साइन आउट करा, मगच पुन्हा साइन इन.

दुसरी जागा, एकापेक्षा जास्त हेल्पर. 'गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट-ऑल क्रेडेन्शियल.हेल्पर' ही कमांड द्या. कोणत्या फाइलमधून कोणता हेल्पर येतो ते दिसेल. गिट फॉर विंडोजसोबत आलेला एक, गिटहबच्या कमांड लाइन टूलने लावलेला दुसरा, कुठल्या तरी व्हिडिओत बघून टाकलेला 'स्टोअर' तिसरा, असं चित्र नेहमी दिसतं. गिट सगळ्यांना क्रमाने विचारतं आणि ज्याच्याकडे पहिल्यांदा काही मिळेल ते उचलतं. नको असलेली ओळ त्या त्या फाइलमधून काढा. इथेच 'मॅनेजर-कोअर' असं नाव दिसलं तर तेही जुनं आहे. गिट क्रेडेन्शियल मॅनेजरचं आताचं नाव फक्त 'मॅनेजर' आहे. गिट अद्ययावत झाल्यावर 'क्रेडेन्शियल-मॅनेजर-कोअर इज नॉट अ गिट कमांड' असा संदेश येतो तो यामुळेच.

तिसरी जागा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: ब्राउझर. गिट क्रेडेन्शियल मॅनेजर लॉगिनसाठी ब्राउझर उघडतो. ब्राउझरमध्ये आधीच मित्राचं किंवा ऑफिसचं गिटहब खातं उघडं असेल तर आपण हिरवं बटण दाबतो आणि नवं लॉगिन पुन्हा त्याच चुकीच्या खात्याचं तयार होतं. साठा साफ करण्याआधी ब्राउझरमध्ये गिटहबच्या पानावर वर उजवीकडे कोणाचा फोटो आहे ते बघा.

एकाच संगणकावर दोन खाती वापरावीच लागत असतील, जसं इंटर्नशिपचं एक आणि स्वतःचं एक, तर रिमोटच्या पत्त्यात 'गिटहब डॉट कॉम'च्या आधी वापरकर्तानाव आणि 'अ‍ॅट'चं चिन्ह घाला. मग गिट त्या नावाचंच लॉगिन शोधतं, दोन खाती एकमेकांत मिसळत नाहीत. टोकन मात्र पत्त्यात घालू नका. ते प्रोजेक्टच्या कॉन्फिग फाइलमध्ये उघडं राहतं आणि फोल्डरची झिप करून कोणाला दिली की टोकनही गेलं.

टोकन आहे, तरी चालत नाही

टोकन म्हणजे 'आपली बस'चा मासिक पास समजा. मार्ग ठरलेला, तारीख ठरलेली. पास खरा असूनही चुकीच्या मार्गावर कंडक्टर उतरवतोच.

गिटहबच्या जुन्या पद्धतीच्या टोकनला खाजगी रिपॉझिटरीसाठी 'रेपो' हा अधिकार लागतो. गिटहब अ‍ॅक्शन्सची वर्कफ्लो फाइल बदलून पुश करायची असेल तर 'वर्कफ्लो' हा वेगळा अधिकारही लागतो, म्हणून बाकी सगळं पुश होतं आणि नेमकी तीच कमिट अडते. नव्या 'फाइन-ग्रेन्ड' टोकनमध्ये रिपॉझिटरी निवडाव्या लागतात आणि 'कंटेंट्स'साठी वाचणं व लिहिणं दोन्ही द्यावं लागतं. नुसतं वाचणं दिलं तर पुल (सर्व्हरवरून बदल आणणं) होतं, पुश होत नाही. रिपॉझिटरी संस्थेच्या नावावर असेल तर टोकन बनवताना 'रिसोर्स ओनर' म्हणून ती संस्था निवडली आहे का तेही बघा. कंपनीत सिंगल साइन-ऑन (कंपनीच्या एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश) असेल तर जुन्या पद्धतीचं टोकन बनवून भागत नाही, सेटिंग्जमध्ये त्या टोकनला त्या संस्थेसाठी वेगळी मंजुरी द्यावी लागते. मिहानमधल्या मोठ्या कंपन्यांत नवीन लागलेल्यांनी हे आधीच विचारून घ्यावं.

मुदतीचंही तसंच. वर्षभर न वापरलेलं टोकन गिटहब आपोआप काढून टाकतं. गिटलॅबने मे २०२३ मध्ये आलेल्या १६.० आवृत्तीपासून प्रत्येक टोकनला मुदत सक्तीची केली. बिटबकेट क्लाउडवर सप्टेंबर २०२५ पासून नवे अ‍ॅप पासवर्ड बनवता येत नाहीत, तिथे आता एपीआय टोकन लागतं. सोर्सट्री वापरणाऱ्यांनी जुने लेख बघून अ‍ॅप पासवर्डचं पान शोधत बसू नये.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. प्रोजेक्ट ग्रुपमध्ये एकाने टोकन बनवायचं आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांनी वापरायचं, हे थांबवा. कोणी काय पुश केलं याचा पत्ता राहत नाही, आणि एकाने टोकन रद्द केलं की परीक्षकांसमोर चौघांचंही काम अडतं. गिटहबने एप्रिल २०२० पासून मोफत खात्यातल्या खाजगी रिपॉझिटरीवरही कितीही सहकारी जोडता येतील अशी सोय केली आहे. प्रत्येकाला 'कोलॅबोरेटर' म्हणून जोडा, ज्याचं त्याने लॉगिन वापरावं. जोडल्यावर आलेलं आमंत्रण स्वीकारणंही विसरू नका. ते स्वीकारेपर्यंत 'रिपॉझिटरी नॉट फाउंड'च येत राहतं.

एसएसएच: वीज गेली आणि की गेली

एप्रिल-मेमध्ये दुपारी वीज जाते, इन्व्हर्टर नसलेला संगणक बंद पडतो, आणि परत सुरू झाल्यावर एसएसएचवाल्या क्लायंटमध्ये पुश अडतं. कारण साधं आहे. पुट्टी या एसएसएच प्रोग्रामचा 'पेजंट' हा की सांभाळणारा मदतनीस (एजंट) की फक्त मेमरीत ठेवतो, संगणक बंद झाला की तो रिकामा. तुमची की पुसली गेलेली नाही, फक्त पुन्हा लोड करायची आहे. पेजंटचा शॉर्टकट कीच्या फाइलसह स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवला की पुढच्या वेळी तो स्वतःच उघडेल आणि सांकेतिक वाक्य विचारेल.

विंडोजवर एसएसएचचे दोन वेगळे संसार आहेत, हे लक्षात आलं की अर्धी अडचण संपते. एक पुट्टीचा: जोडणी करणारा प्लिंक, पेजंट आणि कीची 'पीपीके' फाइल. दुसरा ओपनएसएसएचचा: 'डॉट एसएसएच' फोल्डर, एसएसएच-एजंट आणि 'आयडी_ईडी२५५१९' अशा नावाच्या फाइल. टॉर्टॉइजगिट आपला प्लिंक वापरू शकतं किंवा ओपनएसएसएच, सेटिंग्जमधल्या 'नेटवर्क'मध्ये ते ठरतं. सोर्सट्रीमध्ये 'ऑप्शन्स'च्या 'जनरल' भागात एसएसएच क्लायंट निवडता येतो. टर्मिनलमध्ये चालतं आणि खिडकीत चालत नाही, याचं सर्वांत मोठं कारण हेच: टर्मिनल ओपनएसएसएच वापरतं, खिडकी पुट्टी. माझं मत स्पष्ट आहे. नवीन सुरुवात करणाऱ्याने दोन्हीकडे ओपनएसएसएचच निवडावं. पुट्टीवरच राहायचं असेल तर एवढं बघा की पुट्टी ०.७५ पासून पीपीकेची तिसरी आवृत्ती बनते आणि जुना प्लिंक ती वाचत नाही. पुट्टीजेनमध्ये दुसऱ्या आवृत्तीत जतन करा किंवा क्लायंट नवा घ्या.

ओपनएसएसएचमध्येही विंडोजवर दोन प्रती असतात, एक विंडोजची स्वतःची आणि एक गिट फॉर विंडोजसोबत आलेली. विंडोजच्या एजंटमध्ये टाकलेली की गिटच्या प्रतीला दिसत नाही. 'कोअर.एसएसएचकमांड' या सेटिंगमध्ये विंडोजच्या एसएसएचचा पूर्ण पत्ता दिला की दोघं एकाच एजंटशी बोलतात. विंडोजची 'ओपनएसएसएच ऑथेंटिकेशन एजंट' ही सेवा मुळात बंद ठेवलेली असते. 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन ती 'ऑटोमॅटिक' करा. या एजंटमध्ये एकदा टाकलेली की संगणक बंद झाल्यावरही टिकते, नागपूरच्या उन्हाळ्यात हे फार मोलाचं.

तपासणीसाठी 'एसएसएच -टी गिट अ‍ॅट गिटहब डॉट कॉम' द्या, यातला 'टी' मोठ्या लिपीतला. तुमच्या नावाने 'हाय' आलं तर की बरोबर आहे. पुढे 'शेल अ‍ॅक्सेस देत नाही' असं लिहून येतं, ते नेहमीचंच, त्याने घाबरू नका. 'हाय' दुसऱ्याच्या नावाने आलं तर की त्याच्या खात्यात जोडलेली आहे. एकच की दोन गिटहब खात्यांत जोडता येत नाही, दुसऱ्या खात्यासाठी नवी की बनवा.

'होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड' पहिल्याच वेळी आलं तर कारण हे की एसएसएचला 'या सर्व्हरवर विश्वास ठेवू का' असं विचारायचं होतं आणि खिडकीत विचारायला जागा नव्हती. टर्मिनलमधून एकदा जोडणी करा, दाखवलेला ठसा (सर्व्हरच्या कीची ओळख) गिटहबच्या संकेतस्थळावरच्या ठशाशी ताडून बघा आणि मगच 'येस' म्हणा. प्लिंकचा हिशोब वेगळा, तो या नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत ठेवतो, त्यामुळे त्याच्यासाठी हे पुन्हा करावं लागतं. 'रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड' हा मोठा इशारा मात्र हलक्यात घेऊ नका. गिटहबने आपली आरएसए होस्ट की २४ मार्च २०२३ ला बदलली होती, त्यामुळे जुन्या लॅबमधल्या संगणकांवर तो आजही दिसू शकतो. ठसा जुळला तर 'एसएसएच-कीजेन -आर गिटहब डॉट कॉम' देऊन जुनी नोंद काढा, इथेही 'आर' मोठ्या लिपीतला. जुळला नाही तर त्या नेटवर्कवर काम थांबवा.

नेटवर्क आणि घड्याळ

होस्टेलच्या किंवा कॉलेजच्या वाय-फायवर एसएसएच नुसतं अडकून राहून 'टाइम्ड आउट' होत असेल आणि मोबाइल हॉटस्पॉटवर लगेच चालत असेल, तर २२ नंबरचा पोर्ट बंद केलेला आहे. की बदलू नका. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये गिटहबसाठी होस्टनेम 'एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम' आणि पोर्ट ४४३ लिहा. गिटलॅब आणि बिटबकेटकडे याच कामासाठी 'ऑल्टएसएसएच'ने सुरू होणारे पत्ते आहेत. प्लिंक ही फाइल वाचत नाही, ओपनएसएसएच निवडायचं हे आणखी एक कारण.

प्रमाणपत्राची, म्हणजे 'एसएसएल सर्टिफिकेट'ची तक्रार आली तर आधी कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या संगणकाचा मदरबोर्डवरचा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि मग कोणतंच प्रमाणपत्र पटत नाही. तारीख बरोबर असूनही तक्रार राहिली तर ऑफिसचा प्रॉक्सी (इंटरनेटकडे जाणारी वाहतूक तपासणारा सर्व्हर) मध्ये असू शकतो. विंडोजवर 'एचटीटीपी.एसएसएलबॅकएंड' ला 'एसचॅनल' दिलं की गिट विंडोजच्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या यादीवरून ठरवतं. 'एसएसएलव्हेरिफाय' बंद करा असा सल्ला जागोजागी मिळतो. तो ऐकू नका. तपासणी बंद केली की मधला कोणीही तुमचं टोकन वाचू शकतो.

तरीही अडलं तर

टर्मिनलमधून त्याच फोल्डरमध्ये पुश करून बघा. तिथे झालं तर दोष क्लायंटच्या बाजूचा: तो स्वतःसोबत आणलेलं दुसरंच गिट वापरत असेल. सोर्सट्रीमध्ये 'एम्बेडेड' आणि 'सिस्टिम' यातलं 'सिस्टिम' गिट निवडून बघा. तिथेही झालं नाही तर क्लायंटला हात लावायची गरज नाही, वरच्या साठा, टोकन आणि कीच्या गोष्टींकडे परत जा.

कोणाला मदत मागताना मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरपा फोटो पाठवू नका. संदेशाचा पूर्ण मजकूर, 'गिट रिमोट -व्ही'चं उत्तर, हेल्परची यादी, क्लायंटचं नाव आणि आवृत्ती, आणि टर्मिनलमध्ये चालतं की नाही एवढं लिहा. पाठवण्याआधी त्यात टोकन दिसत नाही ना हे तपासा. चुकून गेलंच तर मेसेज डिलीट करून भागत नाही, सेटिंग्जमध्ये जाऊन ते टोकन त्याच क्षणी रद्द करा आणि नवं बनवा.